जर्मनीत शिकतोय, बाबा शिवराई, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, जमवतात. मला रोमन ब्राँझची नाणी जमवायची आहेत. न धुतलेली नाणी किलोवर मिळतात, ती घेऊ का?

नका घेऊ. तेवढ्या पैशांत एकच नाणं घ्या, पण ज्यावरची अक्षरं तुम्हाला वाचता येतील असं.

मी मूळची सांगलीची, आता यॉर्कला असते. नऊ वर्षांपूर्वी तुमच्यासारखाच मोह मलाही झाला होता. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून पन्नास 'न धुतलेली' नाणी मागवली. पाकिटातून निघाले मातीचे खडे. वर्षभर भिजवून, टोकरून त्यातली अकरा ओळखता आली, बाकीच्या नुसत्या चकत्या. विकणाऱ्यानं त्यातली बरी आधीच वेचून घेतलेली असतात. रात्री नऊला मंडईत उठवायचा ढीग असतो ना, तोच आपण घेतो. शिवाय ही नाणी कुठल्या शेतातून, कुणाला विचारून उकरलीत याचा पत्ता नसतो, आणि मला आता तीच गोष्ट जास्त खुपते.

खर्चाची धास्ती घेऊ नका. रोमन म्हटलं की लोकांना लाखांचे आकडे दिसतात, पण चौथ्या शतकातलं ब्राँझ म्हणजे बाजारातली चिल्लर. ती पोत्यांनी पाडली जायची. २०१० साली इंग्लंडमध्ये फ्रोम गावाजवळ एकाच मडक्यात ५२,५०३ नाणी सापडली, वजन सुमारे १६० किलो, आणि ती तर तिसऱ्या शतकातली. त्यामुळे स्वच्छ, नाव वाचता येणारं, दुकानदारानं खरेपणाची हमी दिलेलं नाणं पंधरा-वीस युरोत मिळून जातं. पहिल्या-दुसऱ्या शतकातली मोठी सेस्टर्शियस नाणी दिसायला राजबिंडी, पण चांगल्या स्थितीतली महाग असतात. ती नोकरी लागल्यावर.

सुरुवात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्यापासून करा. माझी तशीच झाली. ३०६ साली त्याच्या सैन्यानं त्याला सम्राट म्हणून जाहीर केलं ते माझ्या याच यॉर्कात, त्यामुळे जरा भावकीचं प्रेमही आहे. माझ्या हातात आत्ता जे नाणं आहे ते ३३०च्या आसपासचं, आपल्या स्टीलच्या चाराण्याहून किंचित लहान. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि 'उर्ब्स रोमा', म्हणजे रोम नगरी, ही अक्षरं. दुसरीकडे लांडगी, तिच्या पोटाखाली दूध पिणारे रोम्युलस-रेमस, म्हणजे दंतकथेत रोम वसवणारे जुळे भाऊ, वर दोन तारे. सर्वांत खाली, आडव्या रेघेच्या पलीकडे, तीन अक्षरं: टी, आर, पी. मालिकांचा टीआरपी नव्हे! टीआर म्हणजे ट्रिअरची टांकसाळ, पी म्हणजे तिथला पहिला कारखाना. ट्रिअर तुमच्या जर्मनीतच आहे, एखाद्या रविवारी जाऊन या. तिथल्या राईनिशेस लांडेसम्युझियममध्ये १९९३ साली सापडलेला अडीच हजारांहून जास्त सोन्याच्या नाण्यांचा साठा आहे. तो बघताना डोळे दिपतात, पण मला विचाराल तर मजा या चिल्लरीतच जास्त आहे.

कारण चिल्लर बोलते. 'ग्लोरिया एक्सर्सिटस', म्हणजे सैन्याचा गौरव, असं लिहिलेली नाणी घ्या. ३३०च्या सुमाराला त्यांच्यावर दोन सैनिक आणि मध्ये दोन ध्वज असतात. पाचेक वर्षांनी नाणं हलकं आणि लहान झालं, दोन ध्वजांचा एकच उरला. बिस्किटाचा पुडा त्याच किमतीत बारीक होत जातो, तसंच हे. दोन्ही शेजारी ठेवली की महागाई तळहातावर दिसते.

वाचायला बाबांची मदत घ्या. शिवराईवर 'छत्रपति'तली निम्मी अक्षरं चकतीबाहेर गेलेली असतात आणि उरलेल्यांवरून शब्द जुळवावा लागतो, इथेही तेच कसब. फक्त या घराण्यानं नावं ठेवताना आपला विचार केलेला नाही: बाप कॉन्स्टंटाइन, मुलं कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टँशियस आणि कॉन्स्टन्स. आजोबाही कॉन्स्टँशियसच. शेवटची चार अक्षरं झिजली की बसा भिंग घेऊन.

आता धुण्याबद्दल. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवायचं, पाणी दर दोन-चार दिवसांनी बदलायचं, मऊ ब्रश आणि लाकडी टूथपिक. बस्स. माझी आई तीन महिन्यांसाठी इथे आली होती. मी कामाला गेले असताना तिला सिंकखाली डब्यात भिजणारी नाणी दिसली. "किती कळकटलीत गं" म्हणत तिनं लिंबाच्या फोडीवर मीठ घेतलं आणि समईसारखी घासून लख्ख केली. संध्याकाळी स्टीलच्या ताटलीत सहा गुलाबी चकत्या माझ्यापुढे ठेवल्या, चेहऱ्यावर कौतुकाची वाट. एकावरही सम्राट शिल्लक नव्हता! सोळाशे वर्षांत धातूचा वरचा भाग गंजून हिरवा-काळा थर होतो, त्याला पॅटिना म्हणतात, आणि नाक, डोळे, अक्षरं बऱ्याचदा त्या थरातच उरलेली असतात. थर गेला की चेहरा गेला. देव्हाऱ्यातले टाक पिढ्यान्‌पिढ्या घासून सपाट होतात ना, ते आईनं एका दुपारात केलं. रागावणार तरी कशी, चहा करून दिला.

एकच हिरवा रंग वाईट: फिकट, पिठासारखा, नखानं सुटणारा. तो क्लोराइडचा रोग, दमट हवेत नाणं पोखरत जातो. असं नाणं लगेच वेगळं काढा आणि बाकीची सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कोरडी ठेवा.

स्वस्त नाण्यांत नकली कमी, कारण बनवायचा खर्चही निघत नाही. पण तुर्कस्तानात फिरायला गेलात तर अवशेषांपाशी विकायला येणाऱ्यांकडून काही घेऊ नका. खोटं निघालं तर पैसे गेले, खरं निघालं तर विमानतळावर पोलीस. जर्मनीतही मेटल डिटेक्टर घेऊन परवानगीशिवाय शेतात उतरायचं नाही.

आणि हो, सुट्टीला घरी जाताना संग्रह नेऊ नका, येताना बाबांची शिवराईही खिशात घालून आणू नका. भारतात १९७२च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते तुम्हा-आम्हाला देशाबाहेर नेता येत नाही. बाबांना व्हिडिओ कॉलवर भिंगाखाली धरून दाखवा. मी आईला तसंच दाखवते. ती आणि नाणी यांच्यात तेवढं अंतर असलेलं बरं.