वाचकांचे प्रश्न : स्कापा फ्लोच्या गार पाण्यात

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांनी वेढलेलं स्कापा फ्लो हे मोठं नैसर्गिक बंदर. पहिल्या महायुद्धानंतर तिथे अडकवून ठेवलेलं जर्मन आरमार २१ जून १९१९ रोजी रिअर ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांच्या हुकमावरून जर्मन खलाशांनीच बुडवलं. ७४ पैकी ५२ जहाजं तळाला गेली. पुढे बहुतेक भंगारासाठी वर काढण्यात आली, पण तीन युद्धनौका आणि चार हलक्या क्रूझर अजून तिथेच आहेत. त्यांच्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

तारकर्लीला स्कूबा डाइव्हिंग शिकून ३० मीटरपर्यंतचं कार्ड मिळवलं आहे. पुढच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडला जाणार आहे. यातली कोणती जहाजं बघता येतील? — एक वाचक, रत्नागिरी

सुरुवात ‘एफ २’ या (दुसऱ्या महायुद्धातल्या) जर्मन एस्कॉर्ट जहाजापासून करा, खोली साधारण १८ मीटर. मग ‘कार्लस्रुहे’, ही क्रूझर २६ मीटरच्या आसपास आहे. भंगारवाल्यांच्या सुरुंगांनी तिची बरीच मोडतोड झाली आहे, पण त्यामुळेच आतली रचना बाहेरून दिसते. ‘क्योल्न’ आणि ‘ब्रुमर’ यांचा तळ ३६ मीटरला. दोन्ही कुशीवर पडलेल्या आहेत, त्यामुळे वरची बाजू कितीतरी उथळ मिळते. गाईडला आपली मर्यादा आधी सांगून तिथपर्यंतच राहायचं.

‘क्योनिग’, ‘क्रोनप्रिन्झ विल्हेल्म’ आणि ‘मार्कग्राफ’ या युद्धनौका सध्या सोडून द्या. त्या पालथ्या पडल्या आहेत. वरून दिसतो तो फक्त पोटाचा पत्रा. तोफा बघायच्या तर तळाशी जाऊन जहाजाच्या खाली शिरावं लागतं. ‘मार्कग्राफ’चा तळ ४५ मीटरला आहे. शंभर वर्षं गंजलेला पत्रा कधी खाली येईल याचा नेम नाही, आणि आतला गाळ एकदा उठला की स्वतःचा हातही दिसत नाही.

खोलीपेक्षा मोठा फरक पाण्याचा आहे. उन्हाळा संपता संपता तापमान १२ ते १४ अंशांवर जातं, मार्चमध्ये ५-६ अंश. म्हणजे ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा, हवा भरायचा सूट) आलाच. तो पहिल्यांदा घालायची जागा स्कापा नव्हे. आधी ब्रिटनमधल्याच एखाद्या पाणी भरलेल्या खाणीत, सहा-आठ मीटरवर, सूटमध्ये हवा भरणं, सोडणं आणि पायात हवा जाऊन उलटं झाल्यावर गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारत सरळ होणं घोटवून घ्या.

तारकर्लीला पाण्याखाली राहायला मला ४ किलो शिसं पुरतं. ड्रायसूटला किती लागेल? — एक वाचक, पनवेल

आकडा उसना घेऊ नका. आतल्या गरम सूटच्या जाडीवर सगळं ठरतं, १० किलोच्या वरही जाऊ शकतो. पाहायचं असं, पृष्ठभागावर तरंगत: सिलिंडरमध्ये ५० बार (बार म्हणजे दाबाचं एकक) उरलेले असताना तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट रिकामं, सूटचा दंडावरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, श्वास साधा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं की वजन बरोबर. भरलेल्या सिलिंडरवर तपासलंत तर सुमारे ३ किलो वाढवा, कारण १५ लिटरच्या सिलिंडरमधून डाइव्हभरात तेवढ्या वजनाची हवा वापरली जाते. वजन कमी पडलं की शेवटच्या पाच मीटरवर थांबता येत नाही. जास्त झालं की ते तोलायला सूटमध्ये जास्त हवा घ्यावी लागते आणि तीच हवा वर येताना फुगून तुम्हाला वर ओढते. वर येताना डावं कोपर उंच ठेवा, नाहीतर व्हॉल्व्ह उघडा असूनही हवा सुटत नाही.

मार्चमध्ये खाणीतल्या पाण्यात २० मीटरवर माझ्या रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडापर्यंत देणाऱ्या यंत्रातून) हवा धो-धो वाहू लागली, थांबेचना. सर्व्हिसिंग नुकतंच झालं होतं. दोष कशात? — एक वाचक, ॲबरडीन

बहुधा दोष थंडीचा आणि वापराचा. सिलिंडरमधली २०० बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये (रेग्युलेटरच्या सिलिंडरवरच्या भागात) भोवतालच्या दाबापेक्षा जेमतेम १० बार जास्त इतकी उतरते. एकदम प्रसरण पावल्याने ती शून्याच्या खाली जाते. भोवतालचं पाणी ५ अंशांचं असेल तर ऊब मिळतच नाही. फर्स्ट स्टेजवर बर्फ धरतो, आतली झडप उघडी अडकते, होजमधला (नळीतला) दाब चढतो आणि सेकंड स्टेज (तोंडातला भाग) आपोआप उघडते. वाहती हवा आणखी गारठा करते, म्हणून हे चक्र स्वतःहून थांबत नाही. दुसरी शक्यता म्हणजे श्वासातला ओलावा सेकंड स्टेजच्या खटक्यावर गोठणं.

हे ओढवून घेण्याचे ठरलेले मार्ग आहेत. गार वाऱ्यात बोटीवर रेग्युलेटरमधून श्वास घेऊन बघणं, पर्जचं (हवा सोडून बघायचं) बटण दाबणं, आणि सर्वांत जास्त वेळा घडणारं म्हणजे उतरताना श्वास, सूट आणि जॅकेट तिन्ही एकाच वेळी हवा ओढणं. सूटमध्ये हवा छोट्या टिचक्यांनी घ्या, दोन श्वासांच्या मध्ये.

उपकरणावर ‘ईएन २५०’ या मानकाचा ठसा बघा, १० अंशांच्या वरच्याच पाण्यासाठी असलेल्या रेग्युलेटरवर तसं लिहिलेलं असतं. थंड पाण्यासाठी सीलबंद फर्स्ट स्टेज हवी. खरा बचाव मात्र दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज हाच: दोन व्हॉल्व्हचा सिलिंडर किंवा जोडसिलिंडर. सूटची होज एकीवर, जॅकेटची दुसरीवर. लोंढा सुरू झाला की दुसरा रेग्युलेटर तोंडात घ्या, वाहणाऱ्याचा व्हॉल्व्ह बंद करा किंवा जोडीदाराकडून करून घ्या, आणि डाइव्ह संपवा. जाड हातमोज्यांत तो व्हॉल्व्ह फिरवता येतो का, हे आधी उथळ पाण्यात करून बघितलेलं असावं.

३६ मीटरच्या क्रूझरवर १५ लिटरचा एक सिलिंडर पुरेल का? — एक वाचक, पुणे

३६ मीटरवर दाब ४.६ बार. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेणारा तिथे ९२ लिटर संपवतो. २३२ बारने भरलेल्या सिलिंडरमध्ये ढोबळ ३४८० लिटर. ऐकायला भरपूर, आता राखीव काढा. जोडीदाराची हवा गेली, दोघं घाबरलेले, दोघांचे मिळून मिनिटाला ६० लिटर. तळाशी सावरायला एक मिनिट: २७६ लिटर. चार मिनिटांत वर येणं, सरासरी २.८ बारवर: ६७२. पाच मीटरवर तीन मिनिटं: २७०. बेरीज १२१८ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या सिलिंडरचे ८१ बार. गेजवर ५० दिसल्यावर परतायची सवय इथे चालणार नाही. जोडसिलिंडर १२-१२ लिटरचा असेल तर हीच राखीव ५१ बारमध्ये बसते. त्यात डिकॉम्प्रेशनचे (अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडू देण्यासाठी वर येताना घ्यायचे) थांबे धरलेले नाहीत. ते करायचे असतील तर एका सिलिंडरचा विचार सोडा.

३० टक्के ऑक्सिजनचं नायट्रॉक्स (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजनचं मिश्रण) घेतलंत तर ३६ मीटरवर ऑक्सिजनचा दाब १.३८ बार, म्हणजे १.४ या मर्यादेच्या आत; आणि नायट्रोजनच्या हिशोबात तुम्ही जणू ३१ मीटरवर असता. तेच मिश्रण घेऊन ‘मार्कग्राफ’च्या तळाला जायचं नाही, तिथे २५ टक्क्यांच्या वर चालत नाही. सिलिंडर स्वतः ऑक्सिजन मोजणाऱ्या ॲनालायझरवर तपासा आणि आकडा टेपवर लिहून चिकटवा.

‘रॉयल ओक’वर डाइव्ह करता येते का? आठवण म्हणून एखादा तुकडा आणता येईल? — एक वाचक, ठाणे

दोन्हींना नाही. १४ ऑक्टोबर १९३९ रोजी ‘यू-४७’ पाणबुडीने बुडवलेल्या या ब्रिटिश युद्धनौकेवर ८३० हून अधिक जण मेले. ती युद्धसमाधी आहे, तिथे डाइव्हला बंदी आहे. १९१७ मध्ये स्फोटाने बुडालेल्या ‘व्हॅनगार्ड’ या ब्रिटिश युद्धनौकेचंही तेच. जर्मन जहाजांवर जाता येतं, पण ती संरक्षित स्मारकं आहेत. काहीही उचलणं गुन्हा.

आठवडाभर डाइव्ह करून त्याच संध्याकाळी कर्कवॉलहून विमान पकडलं तर? — एक वाचक, लंडन

नको. सलग दिवसांच्या खोल डाइव्हनंतर २४ तास विमान टाळा, उंचीवर दाब कमी झाला की अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेसहून मुख्य भूमीवरच्या स्क्रॅबस्टरला फेरीने दीड तास लागतो आणि पुढे रस्ता आहे. मात्र गाडीने जातानाही डोंगरातला उंच घाट त्या दिवशी घेऊ नका.