1958 ची मर्सिडीज आणि निवृत्तीची पुंजी

प्रश्न: माझे वय 61 आहे. लोट्याच्या एमआयडीसीतील कारखान्यातून निवृत्त झालो. पेन्शन नाममात्र असून हाती 36 लाख रुपये आहेत. गुहागरला घरालगत दोन खोल्यांचा होमस्टे आणि हापूसची थोडी कलमे आहेत. चिपळूणला 1958 ची मर्सिडीज 220 एस 24 लाखांना विकाऊ आहे. ती आधी एका संस्थानिक घराण्याकडे, नंतर मुंबईच्या एका चित्रपट निर्मात्याकडे आणि शेवटी विकणाऱ्याच्या दिवंगत वडिलांकडे होती, असे सांगतात. लग्नसराईत भाड्याने द्यावी आणि पाच वर्षांनी नफ्यात विकावी, असा विचार आहे. घ्यावी का?

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपल्या बेतातून भाड्याचे उत्पन्न आधी वजा करावे लागेल. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, परंतु अशी गाडी केवळ प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजचा वापर आणि व्यवसाय दोन्ही वर्ज्य आहेत. साधी खासगी नोंदणी ठेवली तरी पांढऱ्या पाटीच्या गाडीचे भाडे घेता येत नाही. लग्नात सर्रास चालते हे मलाही ठाऊक आहे, पण नवरा-नवरी आत बसलेली असताना परशुराम घाटात अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील.

उरतो तो पुनर्विक्रीचा नफा. हेच 24 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले आणि 8.2 टक्के दर धरला, तर दर तिमाहीला 49,200 रुपये हाती येतात, म्हणजे पाच वर्षांत 9,84,000. त्यामुळे विमा, सुटे भाग आणि मेकॅनिक यांचा खर्च शून्य मानला तरी गाडी जवळपास 34 लाखांना विकली गेली पाहिजे, तेव्हा कुठे आपण बरोबरीत येता. आपली पेन्शन नाममात्र आणि आंब्याचे उत्पन्न मोहोरावर अवलंबून. अशा घराला तिमाहीचे व्याज लागतेच.

आता पूर्वीच्या मालकांविषयी, कारण 24 लाखांतला मोठा हिस्सा गाडीचा नसून त्या कथेचा आहे. 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर अनेक घराण्यांनी गाड्या विकल्या, तेव्हा ही कथा अशक्य नाही. मात्र पुढचा गिऱ्हाईक पैसे मोजतो ते कागदाला: खरेदीचे बिल, जुने आरसी बुक, विम्याच्या पावत्या किंवा नंबर स्पष्ट दिसेल असे एखादे छायाचित्र. यांपैकी काहीच नसेल, तर राजघराण्याच्या नावाने एक रुपयाही जास्त देऊ नये.

शेवटच्या मालकाची बाब तर अधिक नाजूक आहे. गाडी अजून वडिलांच्याच नावावर असेल, तर मुलाला आधी फॉर्म 31 भरून ती स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागेल, आणि भावा-बहिणींची लेखी संमती त्यात हवीच. सातबाऱ्यावर बारा नावे असलेली जमीन आपण एकाच भावाकडून घेतली नसती, इथेही तसेच. त्यानंतरच फॉर्म 29 आणि 30 वर आपले नाव चढेल.

गाडी प्रत्यक्ष पाहताना चकाकत्या क्रोमपेक्षा खालचा पत्रा पाहावा. या मॉडेलला वेगळी चासी नसते, बॉडीच सारा भार पेलते. त्यामुळे दाराखालच्या पट्ट्या आणि फ्लोअर गंजला असेल, तर ते काम रंगरंगोटीचे राहत नाही. आपल्याकडची खारी हवा तर पत्रा विनासायास गंजवते. शिवाय 22 जुलै 2021 च्या पुरात गाडी चिपळुणात नेमकी कुठे उभी होती, हे विचारावे आणि उत्तर काहीही आले तरी सीटखालचे कार्पेट उचलून पाहावे. बॉनेटखाली मूळ 2.2 लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे का, त्याचा नंबर आरसीशी जुळतो का, हेही तपासावे. अशा कित्येक गाड्यांत पुढे डिझेल इंजिन बसवले गेले, आणि इंजिन बदललेली गाडी व्हिंटेज नोंदणीत बसत नाही.

माझे मत स्पष्ट आहे: 24 लाखांना ही गाडी घेऊ नये. 30 लाख बचत योजनेत ठेवावेत, कारण तेवढीच तिची कमाल मर्यादा आहे, आणि उरलेले 6 लाख आजारपण व घराच्या डागडुजीसाठी हाताशी असू द्यावेत. मोह आवरतच नसेल, तर आंब्याच्या चांगल्या हंगामातून साठेल त्या पैशात एखादी जुनी फियाट घ्यावी. तिचे सुटे भाग मिळतात आणि ती दुरुस्त करणारे हातही आहेत. हा सल्ला डावलून मर्सिडीजच घ्यायची ठरवलीत, तर वारसांची कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत टोकन देऊ नये, आणि विकणाऱ्याने रोख मागितली तरी सर्व रक्कम बँकेतूनच द्यावी. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे.