मैत्रिणींनी मिळून पाहावा असा चित्रपट

प्रश्न : ‘ब्राइड्स’ या चित्रपटात दोन मुस्लिम शाळकरी मैत्रिणी घर सोडून सीरियाला निघतात. माझ्या मुलीची जिवलग मैत्रीण मुस्लिम आहे. दोघींना तो दाखवावा का? – एक आई, निपाणी

उत्तर : जरूर दाखवा, मात्र मैत्रिणीच्या आईला आधी विचारा आणि त्यांनाही सोबत बोलवा. नादिया फॉल यांच्या या चित्रपटाचा काळ २०१४चा आहे. फेब्रुवारी २०१५मध्ये पूर्व लंडनमधील तीन शाळकरी मुली इस्तंबूलमार्गे खरोखरच सीरियात ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेकडे गेल्या. त्यांतील सर्वांत मोठी जेमतेम १६ वर्षांची होती. अशा मुलींना जाळ्यात ओढणारे बहुधा धर्मचर्चेने सुरुवात करीत नाहीत. आधी मोबाइलवर आपुलकीने विचारपूस होते, मग ‘घरच्यांना तू कळलीच नाहीस’ असे मनात भरवले जाते आणि शेवटी ‘कोणाला सांगू नकोस’ अशी अट येते. चारचौघांत अपमान सोसलेल्या मुलीला हा ओलावा खरा वाटतो. २०२२मध्ये आपल्याच कर्नाटकात हिजाबावरून मुलींना महाविद्यालयांच्या फाटकातून परत पाठवले गेले. ते दुःख समजून घ्यावे, त्यावरून संशय घेणे हा मात्र निव्वळ अन्याय आहे. चित्रपट संपल्यावर त्या मुलीकडे धर्माचा खुलासा मागू नका. स्वतःच्या लेकीला जे विचाराल, तेच तिलाही विचारा.