जनुकाचं ‘द्विगुणन’ की ‘द्विरुक्ती’?

खानापूर तालुक्यातल्या एका विज्ञानशिक्षिकेनं विचारलंय: ‘जीन डुप्लिकेशन’ला द्विगुणन म्हणावं की द्विरुक्ती? आणि प्रथिनांच्या ‘इंटरॅक्शन’ला ‘आंतरक्रिया’ हा शब्द मुलांच्या गळी उतरत नाही, दुसरा आहे का?

बाई, मी ‘द्विरुक्ती’च्या बाजूचा. द्विगुणन म्हणजे दोननं गुणणं. एकाचे दोन झाले, हिशेब संपला. शिवाय पेशी विभागण्याआधी सगळाच डीएनए दुप्पट होतो, तिथंही हाच शब्द ओठांवर येतो आणि मुलांचा घोळ होतो. इथं घडतं ते निराळं. एखादं जनुक चुकून दोनदा उतरतं. जुनं काम एक प्रत सांभाळते, म्हणून दुसरी बदलायला मोकळी राहते. जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी १९७० साली हीच गोष्ट ठासून मांडली. बहुतेक जादा प्रती मोडून निकामी होतात, पण काही टिकतात.

बदलून टिकलेली द्विरुक्ती तर आपल्या भागात दोन भाषांत ऐकू येते. मराठी माणूस ‘जेवणबिवण’ म्हणतो, शेजारचा कन्नड माणूस ‘ऊटा-गीटा’. मराठी नक्कल ‘बि’ लावते, कन्नड नक्कल ‘गि’, युक्ती एकच. शाळेच्या व्याकरणात ‘हळूहळू’ पूर्णाभ्यस्त (शब्द जसाच्या तसा पुन्हा) आणि ‘जेवणबिवण’ अंशाभ्यस्त (थोडा बदलून पुन्हा) असं शिकवतात. जनुकाची ताजी प्रत पूर्णाभ्यस्त असते, कालांतरानं ती अंशाभ्यस्त होते. विज्ञानाच्या तासाला हे जरूर सांगा, मुलांना व्याकरणही नव्यानं आवडेल.

आता नुसतं ‘बिवण’ म्हणून बघा. अर्थच लागत नाही, त्याला ‘जेवण’ शेजारी लागतं. रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाचं असंच आहे. त्यात दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. दोन्हींची जनुकं एकाच पूर्वज जनुकाच्या द्विरुक्तीतून, सुमारे ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी, वेगळी झाली. आज माणसात अल्फाची सोळाव्या गुणसूत्रावर आहेत, बीटाचं अकराव्यावर. तरी काम जोडीनंच. अल्फा कमी पडल्या तर चार बीटा एकत्र येतात खऱ्या, पण तो रेणू ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतो, ऊतींना नीट सोडतच नाही.

यातच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘आंतरक्रिया’ ऐकून मुलांना आतली क्रिया वाटते, ‘परस्परक्रिया’ लिहा. ‘सोयरीक’ मलाही सुचला होता, पण इथं भावंडंच एकमेकांना जुळतात, म्हणून तो सोडला. बोलताना ‘जुळणं’ पुरे. उदाहरण हवं तर वाटणीचं द्या. भाऊ वेगळे निघाले की सुरुवातीला सगळे पै-पाहुणे दोन्ही घरी येतात, मग हळूहळू काही या घरचे होतात, काही त्या. नव्या प्रतीचं प्रथिनही आधी जुन्याच प्रथिनांशी जुळतं. पुढं बदल साचत जातात तशी जुळणी वाटली जाते. जे प्रथिन मुळात स्वतःच्याच जोडीनं राहत होतं, त्याच्या दोन प्रती एकमेकींशीही जुळतात.

एक मात्र सांभाळा. निबंधात आपण द्विरुक्तीला दोष म्हणतो, त्यामुळे मुलं आधी ती खोडायलाच सांगतील. तेव्हा अल्फा-बीटाचं उदाहरण पहिल्यांदा द्या, शब्द मागाहून.