'मेथॉडिकली' इंग्रजी वाक्यात कसा वापरायचा? त्याच्या जागी 'ऑर्डरली' चालेल का?

'ऑर्डरली' नाही चालणार. शेवटी 'ली' दिसला की आपण क्रियाविशेषण समजून मोकळे होतो, पण आजच्या इंग्रजीत हे विशेषण आहे. 'ॲन ऑर्डरली क्यू' म्हणजे शिस्तीतली रांग. 'दे स्टूड ऑर्डरली' मात्र खटकतं, तिथे 'इन ॲन ऑर्डरली मॅनर' असं लांबण लावावं लागतं. (साहेबाच्या मागे फिरणारा आपला 'अर्दली' याच शब्दातून आला.)

आता 'मेथॉडिकली'. कळमन्याच्या मार्केटात संत्री निवडणारा माणूस बघा. एकेक फळ उचलतो, फिरवून पाहतो, लहान इकडे, मोठं तिकडे. घाई नाही, मधलं एकही सुटत नाही. 'ही सॉर्टेड द ऑरेंजेस मेथॉडिकली.' शब्दाच्या मुळाशी ग्रीक 'होडोस' आहे, म्हणजे वाट. धरलेल्या वाटेनं पायरी-पायरीनं जाणं, हेच त्यात आहे.

गोंधळ होतो तो आपल्या 'पद्धतशीर'मुळे. हा शब्द आपण कौतुकालाही वापरतो आणि 'मला पद्धतशीर गंडवलं' असंही म्हणतो. एका घरदलालानं माझ्याकडून आधी टोकन, मग डिपॉझिट, मग रंगाचे पैसे घेतले, आणि खोली भलत्यालाच दिली. तक्रारीत मी लिहिलं, 'ही मेथॉडिकली चीटेड मी.' व्याकरणात चूक नाही, पण वाचताना वाटतं की बापडा चष्मा लावून, वही उघडून, मन लावून फसवत बसला होता! तिथे 'सिस्टमॅटिकली' हवं होतं. त्यात हाताच्या कामापेक्षा आखलेली योजना दिसते, म्हणून ठरवून केलेल्या वाईट गोष्टींनाही ते शोभतं. 'सिस्टेमिकली' मात्र वेगळा शब्द आहे, त्याचा अर्थ 'संपूर्ण व्यवस्थेत' किंवा 'सगळ्या शरीरात'.

जागेचं म्हणाल तर 'शी मेथॉडिकली चेक्ड एव्हरी बिल' किंवा 'शी चेक्ड एव्हरी बिल मेथॉडिकली', दोन्ही बरोबर. 'चेक्ड मेथॉडिकली एव्हरी बिल' नको. मराठीत 'बिलं पद्धतशीर तपासली' असं क्रियापदाला चिकटवायची सवय असते, त्यातून क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये तो शब्द घुसतो. आणि क्रियापद करण्याचं हवं, असण्याचं नव्हे. 'शी नोज मॅथ्स मेथॉडिकली' म्हणत नाहीत, 'शी सॉल्व्ह्ज प्रॉब्लेम्स मेथॉडिकली' म्हणतात.