एफडी मोडली त्यांनी, आणि संतोष शिकायचा मी?

"मावशी, आम्ही नगरला राहतो. मिस्टर एमआयडीसीत आहेत, दिवाळीपासून ओव्हरटाइम बंद झालाय. वर्षभर ते एका नव्या प्रार्थना ग्रुपला जातायत, तिथले ब्रदर सांगतात पैसा म्हणजे बी, पेरलं की शंभरपट येतं. मला न विचारता मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेली १,८०,००० ची एफडी मोडून यांनी तिथे दिली. मी रडले, भांडले, तर बायबलमधलं १ तीमथ्य ६ उघडून पुढे ठेवतात, संतोषासह भक्ती हाच मोठा लाभ, अन्नवस्त्र आहे ना, मग गप्प बस. महिला मंडळातल्या दोघीतिघी पण म्हणाल्या की तू पैशाला धरून बसलीयेस. जावेकडे नवी गाडी आली तेव्हा मला आतून जळल्यासारखं झालं होतं हे खरंय. मग मी खरंच लोभी आहे का? – एक बहीण"

अगं बाई, आधी पाणी पी. मी पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना मलाच राग आला, तुझ्यावर नाही, त्या वचनाच्या वापरावर.

तुझे मिस्टर सहावं वचन दाखवतात ना, तर आज रात्री त्यांना फक्त एक वचन वर सरकायला सांग. पाचव्यात पौल, म्हणजे तीमथ्याला हे पत्र लिहिणारा प्रेषित, अशा लोकांबद्दल लिहितोय ज्यांना भक्ती म्हणजे कमाईचं साधन वाटतं. मग सहाव्यात तोच शब्द उचलून तो म्हणतो, हो, लाभ आहे, मोठा लाभ आहे, पण समाधानासकट जी भक्ती असते तिच्यात. म्हणजे हे वचन मुळात "देवाकडे गेलं की पैसा येतो" म्हणणाऱ्यांना दिलेलं उत्तर आहे, आणि तुमच्या घरात ते नेमकं त्यांच्याच बाजूने वापरलं जातंय, तेही कुणाला, तर जिने नुकसान झालं म्हणून तोंड उघडलं तिला! कमालच आहे.

आणि पौलाचं हे पत्र गेलं कुठे तर इफिसला, तीमथ्य तिथे होता. तिथली भक्तीची बाजारपेठ कशी होती ते प्रेषितांच्या कृत्यांत १९ व्या अध्यायात वाच. देमेत्रिय नावाचा कारागीर अर्तमी देवीचे रुप्याचे देव्हारे बनवायचा, पौलाच्या प्रचाराने धंदा बसायला लागला तेव्हा तो बाकीच्या कारागिरांना गोळा करून सरळ म्हणतो की आपली बरकत या धंद्यावर आहे, आणि मग सगळं शहर "इफिसकरांची अर्तमी थोर" म्हणून ओरडत सुटतं. पोटाचा प्रश्न होता, नाव देवीचं. अशा गावात राहणाऱ्या तरुण पाळकाला पौल बजावतोय की बाबा, हे आपल्या मंडळीत येऊ देऊ नकोस.

शंभरपटीचं पण बघून घे. मार्क १०:३० मधून ते उचलतात. तिथे येशू घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं असं सगळं म्हणतो आणि त्याच वाक्यात "छळणुकीबरोबर" असाही शब्द आहे. तो शब्द स्टेजवरून कधी ऐकलायस? मी नाही ऐकला बाई. शिवाय ते बोलणं ज्यांनी घरदार सोडून त्याच्यामागे यायचं ठरवलं त्यांच्याशी चाललंय, कुठल्या अकाउंट नंबरचा तिथे संबंध नाही.

आता अन्नवस्त्र. १ तीमथ्य ६ च्या आठव्या वचनात आहे, खरंय. पण पौल तिथे स्वतःला धरून बोलतो, "आपल्याला" पुरे म्हणतो. फिलिप्पैच्या चौथ्या अध्यायात तर म्हणतो की आहे त्यात समाधानी राहायला मी शिकलो. शिकलो, बरं का, म्हणजे त्यालाही ते आपोआप आलं नव्हतं, आणि हे तो कैदेतून लिहितोय, आणि त्याच पत्रात फिलिप्पैकरांनी पाठवलेल्या मदतीबद्दल मनापासून आभारही मानतो. समाधान ही आपण आपल्यासाठी शिकायची गोष्ट आहे, दुसऱ्याच्या ताटातलं काढून घेऊन त्याला शिकवायची नाही. एका माणसाने पैसे द्यायचे आणि दुसरीने समाधान पाळायचं, ही वाटणी पौलाने कुठे केलीये ते मला दाखवावं कुणीतरी.

तीमथ्याच्या त्या पत्रातच एक पान मागे, ५:८, जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारलाय, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. एवढं कडक वाक्य आहे ते. आणि मार्क ७ मध्ये "कुर्बान" आहे. आईबापांना द्यायचे पैसे "देवाला वाहिले" म्हणून सांगायचं आणि त्यांना पोसायची जबाबदारी झटकायची, हे येशूला अजिबात खपलं नाही, तुम्ही माणसांच्या रूढीसाठी देवाचं वचन रद्द करता असं तो परुश्यांना, म्हणजे तेव्हाच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, तोंडावर म्हणाला. मुलीची फी कुर्बान करून टाकली की मग आपण कुणाच्या रांगेत उभे राहतो, हा प्रश्न मिस्टरांनी स्वतःला विचारायचाय, तू नको विचारूस, तू विचारलास की भांडण होणार.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, तू लोभी आहेस का. गाडी बघून जळलीस, ते जळणं प्रार्थनेत देवाला सांग, झालं. १ तीमथ्य ६ च्या नवव्या वचनात जे आहेत ते "श्रीमंत व्हायचंच" असं ठरवून बसलेले लोक, मोहात आणि फासात पडणारे. दहाव्यात वाइटाचं मूळ म्हटलंय ते पैशाच्या लोभाला, पैशाला नाही, लोक अर्धंच वाक्य फिरवतात. मुलीची फी जूनमध्ये भरायचीये म्हणून झोप न येणं हा लोभ असेल तर नगर जिल्ह्यातल्या सगळ्या आया लोभी आहेत. उलट मला विचारशील तर १,८०,००० चे शंभरपट होतील म्हणून देणाऱ्याच्या मनात काय चाललं होतं ते एकदा बघायला हवं. पण इथे मी जरा थांबते, कारण ओव्हरटाइम बंद झालाय हे तू पहिल्याच ओळीत लिहिलंस. माणूस घाबरलाय गं. पगार पुरत नाही हे बायकोला सांगायची लाज वाटते, आणि तिथे कुणीतरी खांद्यावर हात ठेवून सांगतं की तुझे दिवस फिरणार. लक्ष्मीबाई टिळकांना आठव, ना. वा. टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही आणि संसाराची कसरत लक्ष्मीबाईंच्या वाट्याला, पण टिळक द्यायचे ते समोर अडलेला माणूस बघून, परत किती येईल हे मोजून नाही. तुझ्या मिस्टरांना हा फरक कळेल, फक्त शांतपणे सांगायला हवा.

म्हणून असं कर. रविवारी जेवणं झाली, मुलगी आत गेली की दोघं बसा आणि ६:३ पासून १९ पर्यंत एका दमात मोठ्याने वाचा, आळीपाळीने, मध्ये एक शब्द बोलायचा नाही. सतराव्या वचनात श्रीमंतांना काय सांगितलंय तेही येईल, बेभरवशाच्या धनावर आशा ठेवू नका, देव आपल्याला उपभोगासाठी सगळं भरपूर देतो, म्हणजे चांगलं खाण्यापिण्यालाही पौलाची ना नाही. वाचून झालं की एकच विचार, "तुम्हाला कशाची भीती वाटली होती?" आणि मग ऐक. मध्ये एफडी काढू नकोस. जमेल का? कठीण आहे, मला माहितीये.

एफडी दुसऱ्या दिवशी. बँकेत जाऊन विचार, ठेव कुणाच्या नावावर होती आणि तुझ्या सहीशिवाय कशी मोडली गेली. पुढची जी ठेव कराल ती दोघांच्या सहीने चालणारी करा, फॉर्मवर तसं लिहून देता येतं. ग्रुपकडे दिलेल्या पैशांची पावती आणि ट्रस्टचा नोंदणी नंबर माग. नोंदलेल्या ट्रस्टला हिशोब ठेवून ऑडिट करावं लागतं, तेव्हा विचारण्यात पाप काही नाही. पावती नाही मिळाली तर ती गोष्टही मिस्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. पैसे परत मागायचे तर त्यांनीच एकदा लेखी मागावेत, येतील असं मी तुला खोटं सांगणार नाही. एज्युकेशन लोनची चौकशी मात्र आत्ताच कर, ॲडमिशनच्या गर्दीत नको.

दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला द्यायचा तो, बंद करायला मी सांगत नाहीये. २ करिंथ ८:१२ काढ, जवळ जे आहे त्या मानाने, नाही त्या मानाने नाही. दोघांनी मिळून आकडा ठरवा आणि तो पगाराच्या दिवशी बाजूला काढा, भावनेच्या भरात सभेत मोबाइल काढून नाही.

आणि मंडळातल्या त्या दोघीतिघींना सांग, मावशी म्हणाल्या आहेत की संतोषावर पुढचा बायबल स्टडी तुमच्याकडे ठेवू, चहा-चिवडा तुमच्यातर्फे.