‘स्वतंत्र’मधला माग

प्रश्न असा आहे: मुलीच्या सरावपत्रिकेत ‘संयमी × स्वतंत्र’ अशी विरुद्धार्थी जोडी छापली आहे. बरोबर का?

साफ चूक. ‘मी स्वतंत्र आहे, तोंडाला येईल ते बोलतो’ हे रोज कानावर आदळतं, त्यातूनच असल्या जोड्या निघतात. तोंडाला येईल ते बोलणारा स्वैर. फार तर स्वच्छंद म्हणा.

‘तंत्र’ला आपण टेक्निक करून टाकलंय. मूळ धातू तन्, म्हणजे ताणणे. नेत्र, पात्र, शस्त्र यांतला ‘त्र’ साधनाचा. तंत्र म्हणजे ताणायचं साधन: माग, आणि मागावरचे उभे धागे, ताणा. व्याकरणकार पाणिनी तर आपल्या अष्टाध्यायीत मागावरून नुकत्याच उतरवलेल्या कोऱ्या कापडाला ‘तंत्रक’ म्हणतो (५.२.७०)! म्हणजे माझ्या मते स्वतंत्र कोण, तर ज्याचा ताणा त्याच्याच मागावर चढलाय तो.

इथे पाणिनीच्या सूत्रांचे भाष्यकार पतंजली आडवे येतात. ‘स्वतन्त्रः कर्ता’ (१.४.५४), म्हणजे क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता, या पाणिनीच्या सूत्रावर महाभाष्यात ते तंत्राचे दोन अर्थ मांडतात, पसरलेला ताणा आणि प्राधान्य, आणि उचलतात दुसरा. व्याकरणापुरतं ठीक. पण प्राधान्य आलं कुठून? मागातूनच की! दारापर्यंत येऊन भाष्यकारांनी मान वळवली, हे मला आजतागायत पटलेलं नाही.

येवल्यात एकदा पैठणीच्या मागाशेजारी बसलो होतो. ताण्यातले चार धागे सैल पडले. विणकराने धोटा, म्हणजे आडवा धागा ओवायचं साधन, बाजूला ठेवला, एकेक धागा बोटाने चाचपत ताणून घेतला, मगच हात पुढे चालला. मोर अर्धाच उमटला होता. लोंबत्या धाग्यांवर त्याची मान वाकडी आली असती. आता यात कोण कुणाला आवरत होतं?

आणि संस्कृत राहू द्या, मराठीच पाहा. ज्याचं स्वतःवर काही चालत नाही, त्याला आपण ‘ताळतंत्र सुटलंय’ म्हणतो. त्यातला ताळ गाण्याचा की ताळमेळाचा, यावर खुशाल भांडा. तंत्र मात्र तेच. तंत्र सुटलेला स्वतंत्र कसा होईल?

हां, जोडी राहिली. स्वतंत्र × परतंत्र, संयमी × असंयमी. ‘संयम’मधल्या यम् धातूपासून यंता, म्हणजे सारथी, आणि आपला अभियंताही, पण ते पुन्हा कधीतरी. मुलीने काय लिहिलं होतं, ते तुम्ही सांगितलंच नाहीत.